पहिली शेती घेताय? आमच्या सव्वातीन एकराच्या अनुभवावरून पायरी पायरीनं

आम्ही दोघं लातूरला नोकरी करतो, मी शाळेत आणि नवरा एका दुकानात हिशेबाला, आणि तीन वर्षांपूर्वी औसा तालुक्यात १ हेक्टर ३० आर जमीन घेतली. म्हणजे साधारण ३ एकर ८ गुंठे, पण बोलताना आम्ही सव्वातीन एकर म्हणतो, तेवढं चालतं. जमीन घेतली तेव्हा सात-आठ वर्षं पडीक होती, वेड्या बाभळी, कुंदा (खोल मुळांचं चिवट गवत), अर्धी ढासळलेली विहीर. आता सोयाबीन-तूर निघते, बांधावर केशर आंब्याची २२ झाडं जगलीत (लावली होती ४०, त्यावर नंतर बोलू). ओळखीतले बरेच जण विचारतात की कसं केलं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतेय. आमचा अनुभव मराठवाड्याचा आहे, कोकणात किंवा विदर्भात घेणार असाल तर कायद्याच्या भागात फरक पडेल एवढं ध्यानात ठेवा.

पायरी १: तुम्हाला शेतजमीन घेता येते का ते आधी बघा

महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कुळवहिवाट कायदा लागतो, मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, विदर्भाचा वेगळा १९५८ चा. पुरावा म्हणून राज्यात कुठंही तुमच्या नावाचा सातबारा असावा लागतो.

आमच्यात गंमत अशी की नवऱ्याच्या घरी एक गुंठाही जमीन नाही, सासरे शिक्षक होते. माझं नाव मात्र माहेरच्या सातबाऱ्यावर आहे, वडील गेल्यावर वारसाच्या फेरफारानं (हक्क बदलल्याच्या नोंदीनं) लागलेलं. तेव्हा सगळे म्हणत होते सही कर, हक्कसोड दे, भावाला कशाला अडकवतेस, आणि मी आळसानं म्हणा की काय म्हणा, केली नाही. त्याच सातबाऱ्यावर आमचं खरेदीखत झालं, माझ्या एकटीच्या नावावर. तर ज्या बहिणी-मुली हे वाचतायत त्यांनी हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी दोनदा विचार करा, एवढंच म्हणते, बाकी ज्याचं त्याचं घर.

पायरी २: पैशांचे तीन वाटे करा

जेवढे पैसे साठलेत तेवढ्याची जमीन घेऊ नका. एक तृतीयांश तरी नंतरसाठी बाजूला राहू द्या, कारण मोजणी, मुद्रांक, वकील, जेसीबी, विहिरीचा गाळ, मोटार, पाइप, केबल हे सगळं जमिनीच्या किमतीच्या वर येतं आणि एकदम येतं. शेतजमीन विकत घ्यायला घराच्या कर्जासारखं कर्ज सहज मिळत नाही, त्यामुळे नंतर सोनं गहाण ठेवायची वेळ येते. आमच्यावर आली होती. पाटल्या अजून सोडवल्या नाहीत.

पायरी ३: माती बघायच्या आधी वाट बघा

आम्ही पहिली जी जमीन बघितली ती फार सुंदर होती, काळीभोर, सपाट, भावही कमी. एजंट आम्हाला दुसऱ्याच्या उसातून घेऊन गेला आणि म्हणाला की वाट आहे हो, पूर्वीपासून सगळे इथूनच जातात. तोंडी वाट म्हणजे वाट नाही. ज्याच्या शेतातून जाता त्याचं आणि विकणाऱ्याचं पटतंय तोवर ती वाट आहे, तुम्ही नवीन आलात की लगेच काटे पडतात. गावच्या नकाशात रस्ता किंवा शिवरस्ता दिसतो का ते बघा, शेजारच्या गटाच्या इतर हक्कात वाटेची नोंद आहे का ते बघा, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर जातो का ते गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा, तो खरं सांगतो कारण त्याचंच चाक रुततं.

वाटच नसेल तर महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, आणि असलेली वाट कुणी अडवली तर मामलतदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण हे माहीत असावं म्हणून सांगते, असला दावा विकत घेऊन शेतीला सुरुवात करू नका.

पायरी ४: पाणी मे महिन्यात बघा

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आम्ही स्वतः बघितलंय, घागरींच्या रांगेत उभं राहिलोय, तरीसुद्धा पहिल्यांदा विहीर बघायला गेलो ते ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये काय, सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. मालक खूश, आम्ही खूश. माझ्या मावशीनं झापलं म्हणून व्यवहार मेपर्यंत लांबवला आणि तेच बरं झालं.

मेमध्ये काय करायचं तर एक लांब दोरी घ्यायची, टोकाला दगड, आणि हातभर अंतरावर गाठी. सकाळी दगड सोडून पाणी किती गाठी आहे ते मोजायचं, मग मोटार लावून उपसायला लागायचं, किती तासांत पाणी तळाला गेलं ते लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत दोरी सोडायची. आमच्या विहिरीत पहिल्या दिवशी ९ गाठी पाणी होतं, अडीच तासांत मोटार हवा ओढायला लागली, दुसऱ्या सकाळी ७ गाठी परत आलं होतं. म्हणजे झरे जिवंत आहेत, गाळ काढला तर विहीर चालेल. पाणी किती साठलंय त्यापेक्षा परत किती येतंय ते महत्त्वाचं. पाणाड्या (जमिनीखालचं पाणी सांगणारा) नारळ घेऊन आला तर येऊ द्या, लोक आणतातच, आम्हीपण आणला होता, पण पैसे दोरीच्या हिशेबावर लावा.

आणि विहीर कुणाची ते सातबाऱ्यात बघा. बऱ्याच ठिकाणी विहीर सामाईक असते, 'विहिरीत चार आणे हिस्सा' असं लिहिलेलं असतं. चार आणे म्हणजे चार दिवसांतून एक दिवस तुमचा, हे व्यवहार होईपर्यंत कुणी सांगत नाही.

पायरी ५: सातबारा वाचायला स्वतः शिका

वकील लागतोच, पण सातबारा स्वतःला वाचता आला पाहिजे. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो, सोबत आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सगळे फेरफार काढा. आम्ही जे बघितलं ते असं.

भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग १ असेल तर विकायला मोकळी. वर्ग २ म्हणजे शासनानं दिलेली किंवा अटी असलेली जमीन, परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि 'परवानगी आम्ही नंतर काढून देऊ' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन त्या एकट्याची नाही. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता असेल तर नाव अज्ञान मुलाचं आहे आणि विकायला कोर्टाची परवानगी लागते. विकणाऱ्याच्या बहिणींची नावं आहेत का? नसतील तर का नाहीत, हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आमच्या मालकाच्या दोन बहिणी होत्या, एक सोलापूरला, एक बिदरला. दोघींना बोलावून खरेदीखतावर संमती म्हणून सह्या घेतल्या, त्यात दीड महिना गेला, मालक वैतागला, वैतागू दे.

इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव हे सगळं येतं. मराठवाड्यात '३८ ई' असं दिसलं तर ते संरक्षित कुळाचं प्रकरण असतं, तिथं थांबून वकिलाला दाखवा. तसंच आपल्याकडे निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी आहेत, मदतमाश, खिदमतमाश वगैरे, देवस्थानच्या पण. खिदमतमाश किंवा देवस्थान जमिनीच्या भानगडीत नवख्यानं पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं मूळ बघायचं असेल तर तहसीलमधून १९५४-५५ ची खासरा पाहणी काढा, मराठवाड्यात बऱ्याच वादांत शेवटी तीच बघतात. आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांचा शोध) घ्या, वर्तमानपत्रात हरकतीची जाहीर नोटीस द्या.

क्षेत्र वाचताना हेक्टर-आर-चौमी (चौरस मीटर) असं असतं. १ आर म्हणजे जवळपास १ गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो, म्हणजे नाला, खडक, लागवडीला न येणारी जागा. भाव ठरवताना पोटखराब्याचे पण पूर्ण पैसे मागतात, तिथं घासाघीस करा. आणि अगदी छोटे तुकडे कुणी विकत असेल तर सावध, तुकडेबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे २०२३ पासून बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं कमीत कमी क्षेत्र धरलंय, त्याखालचा तुकडा सरळ तुमच्या नावावर होत नाही.

पायरी ६: मोजणी, आणि ती पण खरेदीच्या आधी

मालकाला सांगायचं की सरकारी मोजणीचा अर्ज कर, फी आम्ही भरतो. भूमी अभिलेखवाले येतात, शेजाऱ्यांना नोटिसा जातात, मशीन लावून हद्द दाखवतात आणि मग 'क' प्रत म्हणजे नकाशा मिळतो.

आमच्या मोजणीला पश्चिमेचे शेजारी आले होते, सत्तरीचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मोजणीवाल्यानं खूण करायला सांगितलं ती जागा निघाली आप्पांच्या तुरीत, बांधापासून नऊ-दहा पावलं आत. तिथं टिकावानं उकरलं तर खालून जुना हद्दीचा दगड निघाला, चुना लावलेला. सगळे गप्प. आप्पा त्या दगडाकडे बघत म्हणाले, "बांध माझ्या बापानं घातलेला हाय." मग थोड्या वेळानं मला म्हणाले, "बाई, दगड हाय तिथं हाय, पर तूर माझी हाय की."

हिशेब केला तर साडेचार गुंठे त्यांच्याकडे होते. नवरा म्हणत होता आजच बांध फोडून घेऊ, पोलीस बोलवू, काय काय. मी आप्पांना म्हटलं तूर काढून घ्या, खळं झालं की मग बांध हलवू. आणि तेवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या, पोलीस पाटलांची साक्ष. फेब्रुवारीत आप्पांनी तूर काढली आणि बांध स्वतःच्या बैलांनी सरळ करून दिला. हे सगळीकडे असं गोड होत नाही हे मला माहितीये, पण उभं पीक मोडून घेतलेली जमीन गावात पचत नाही, आणि तुम्हाला तिथं रोज जायचंय.

पायरी ७: इसार, खरेदीखत, फेरफार

इसार (आगाऊ रक्कम) देताना पावतीवर नको, साठेखत म्हणजे विक्रीचा करार नोंदवून घ्या. पैसे बँकेतून द्या, जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्यात बसत नाही. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर (सरकारी दरानं येणारी किंमत) आणि ठरलेली किंमत यात जे जास्त त्याच्यावर लागतं. खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, विहीर, झाडं, वाट, मोटार हे सगळं नाव घेऊन लिहा. आमच्यात आंब्याची दोन जुनी झाडं लिहायची राहिली आणि जुना मालक पहिल्या वर्षी आंबे उतरवून घेऊन गेला, वर हसत म्हणाला झाडाचं कुठं बोलणं झालं होतं. बरं, झाडं माझ्या जमिनीत आहेत, पण भांडायला जाणार कोण.

नोंदणी झाली म्हणजे झालं असं नाही. फेरफार धरला जातो, १५ दिवसांची नोटीस असते, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात आणि सातबाऱ्यावर नाव येतं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात तलाठीच म्हणतात. फेरफार कुठं अडकलाय ते 'आपली चावडी' या सरकारी वेबसाइटवर दिसतं, दर आठवड्याला बघत राहा.

पायरी ८: आता जमीन दुरुस्त करणं, इथं आम्ही चुकलो

पडीक रान बघून नवऱ्याला उत्साह आला आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात रोटाव्हेटर फिरवला. वरून रान मस्त मऊ दिसायला लागलं, फोटो काढले, पाहुण्यांना पाठवले. जूनमध्ये पाऊस पडला आणि कुंदा असा उठला की पेरलंय काय तेच कळेना. कुंद्याची आणि हराळीची मुळी जमिनीत खोल असते, रोटाव्हेटर तिचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. म्हणजे आम्ही पैसे देऊन कुंदा पेरला.

बरोबर क्रम असा. आधी बाभळी जेसीबीनं मुळासकट काढायच्या. मग मार्च-एप्रिलमध्ये पलटी नांगरानं खोल नांगरट, ढेकळं तशीच उन्हात तापू द्यायची, महिनाभर हात लावायचा नाही. मग बाया लावून कुंद्याच्या काशा (मुळ्या) वेचून बांधाबाहेर काढायच्या आणि जाळायच्या, मग वखराची पाळी. हे दोन उन्हाळे करावं लागतं, एका उन्हाळ्यात कुंदा जात नाही. पावसाळ्यात जिथं काही घ्यायचं नाही तिथं ताग पेरा आणि फुलावर यायच्या वेळेला, दीडेक महिन्यात, गाडून टाका.

माती तपासणी नांगरटीच्या आधी करा, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा वीतभर खोल खड्डा, कडेची माती खरवडून एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. फळझाडं लावणार असाल तर फूट, दोन फूट, तीन फुटांची माती वेगळी वेगळी द्या. आम्ही दिली नाही, आणि ४० आंब्यांतले १८ मेले, कारण त्या कडेला दोन फुटांखाली चुनखड होती. वरची माती काळी होती म्हणून फसलो.

विहिरीचा गाळ यारी (गाळ वर ओढायची क्रेन) लावून काढला, पाच दिवस लागले, ढासळलेल्या बाजूला दगडी बांधकाम परत केलं. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर ती आधी लावून घ्या, सौर पंपाला अर्ज करताना तीच लागते. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत खुल्या गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरायचे असतात, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पुढे पाच एकरापर्यंत ५ एचपी. ठिबकसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पण पूर्वसंमती यायच्या आधी सामान विकत घेतलं तर अनुदान विसरा.

पायरी ९: पहिलं पीक

पहिल्या वर्षी फार डोकं लावू नका, शेजारी जे घेतात तेच घ्या. आमच्याकडे सोयाबीन आणि त्यात तूर. घरचं बियाणं असेल तर उगवण तपासा: ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्यानं कोंब मोजायचे. ७० उगवले तर एकरी ३० किलो, त्याच्या खाली आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर बदला. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोतं आपटू नका.

आणि पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. सगळे पेरतायत बघून आम्हालापण राहवलं नाही, मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलं, मग १९ दिवस उघडीप. दुबार पेरणी. कृषी सहायकानं सांगितलं होतं, ऐकलं नाही.

पीक उगवलं की ई-पीक पाहणी स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर करा. नाही केली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि विमा, खरेदी केंद्र, सगळीकडे अडतं.

माणसांचं

नोकरी करून शेती करायची तर कुणीतरी तिथं लागतं. सव्वातीन एकराला सालगडी (वर्षाच्या कराराचा गडी) परवडत नाही, त्यांचं साल पाडव्याला ठरतं आणि अर्धी उचल आधी द्यावी लागते. बटईनं म्हणजे पिकाच्या वाट्यावर निम्म्यानं देता येते, पण बी, खत, फवारणी कुणी किती घालायची ते पेरणीच्या आधी बोलून घ्या आणि लिहून ठेवा. खुरपणी-काढणीला गावातल्या बायांची टोळी असते, रोजानं घ्या किंवा उक्तं (पूर्ण कामाची ठरीव रक्कम) द्या. काढणी उक्ती परवडते, खुरपणी उक्ती दिली की कडेकडेचं गवत तसंच राहतं.

आमचा सौर पंप अजून आलेला नाही, थ्री फेज वीज एक आठवडा रात्री असते. लातूरहून रात्री दोन वाजता मोटार चालू करायला कोण जाणार, म्हणून आप्पांना विचारलं. त्यांनी एकच विचारलं, "माझ्या तुरीला एक पाणी देता का?" मोटारीच्या खोलीची दुसरी चावी आता त्यांच्याकडे असते.